जिना मोजूनच घर निवडा

आजी-आजोबांना घेऊन चंदीगडला निघालात? शहीद भगतसिंग विमानतळाजवळची, मोहालीतली एयरोसिटी मुक्कामाला सोयीची. इथल्या कोठ्यांचे मजले अनेकदा वेगवेगळे भाड्याने मिळतात. फोटोत खोली ऐसपैस दिसते, जिना मात्र दिसत नाही. ‘दुसरा मजला’ वाचूनही लिफ्ट असेलच, असं आपण धरून चालतो.

म्हणून बुकिंगआधी घरमालकाला विचारा: रस्त्यापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती? कठडा आहे का? बाथरूमच्या दारातून व्हीलचेअर जाते का? उत्तर मेसेजमध्येच घ्या, जिन्याचा फोटोही मागवा.

तुम्हीच घर भाड्याने देत असाल, तर तक्रार आल्यावर ‘आम्ही लिहिलं होतं की’ म्हणू नका. खालची खोली रिकामी असेल तर ती द्या, नसेल तर पैसे परत करा. मग जाहिरातीत पायऱ्यांचा आकडा टाका. व्हीलचेअरसाठी उतार करायचा, तर १ फूट उंचीला १२ फूट लांबी लागते. नुसती फळी टाकून भागत नाही.

१९५८ साली बांधलेल्या सुखना तलावाकाठची सपाट वाट आजी-आजोबांनाही चालता येते. त्यांच्या पायांतलं बळ जिन्यातच संपायला नको.