वर्षासन नाकारणाऱ्या भाच्यास

महादेवपुरा, बंगळूर
ज्येष्ठ वद्य पंचमी

चि. श्रीधर यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. ते वाचून आलेला संताप रात्रीच्या झोपेने उतरेल आणि मग शांतपणे उत्तर लिहिता येईल, असे मनाशी ठरविले होते. परंतु झोपच आली नाही, तेव्हा संतापासकट लिहितो. तुझी मासिकात छापून आलेली प्रकरणे वाचून एका न्यासाने आपण होऊन वर्षभराचे वेतन देऊ केले, निपाणीच्या तंबाखूवखारींवरची ती कादंबरी पुरी करावी एवढीच अपेक्षा कळविली, आणि तू 'मी कोणाचा मिंधा होऊ इच्छीत नाही' असे एका वाक्यात लिहून मोकळा झालास! वर मला विचारतोस काय, तर नकाराची भाषा फार कठोर तर झाली नाही ना. भाषेत काहीही उणे नाही. ती थेट तुझ्या आजोबांची भाषा आहे, आणि त्या भाषेपायी गडहिंग्लजच्या घराचे काय झाले ते तुला माझ्याहून अधिक माहीत आहे.

आता मिंधेपणाविषयी. तू आज कोणाचाच मिंधा नाहीस काय? शाळेच्या चालकांनी रविवारी सत्काराच्या खुर्च्या मांडावयास बोलाविले तरी तू जातोस. मागल्या दिवाळीत तू कादंबरीची पाने मला दाखविलीस, ती जुन्या हजेरीपटांची पाठकोरी पाने होती. एका अंगास गैरहजर मुलांच्या तांबड्या खुणा आणि दुसऱ्या अंगास तुझे ते मुंगीएवढे अक्षर. चार-पाच पानांगणिक शाई बदललेली मला दिसली, म्हणजे मधे महिनेच्या महिने कोरडे गेलेले, हे कळावयास मी काही तुझा चरित्रकार असावयास नको. आणि ते महिने ज्या शिवणयंत्रावर निभावले, त्यावर तुझी वंदना बसते, तू नव्हे. तुझ्या स्वाभिमानाचा खर्च तिच्या खात्यावर पडतो आहे, हे कोणीतरी तुला सांगावयास हवे होते. तुझी आई असती तर तिने याहून कडक शब्दांत सांगितले असते.

येथे, माझ्या भोवती, दुसराच न्याय चालतो. या महादेवपुऱ्यात रिंग रोडच्या दोन्ही अंगांना काचेच्या ज्या इमारती उभ्या आहेत, त्यांत परक्याच्या भांडवलावर वर्षानुवर्षे तोट्यात चालणारे कारखानदार कितीतरी आहेत (कारखाना म्हणायचा खरा, पण आत यंत्र नाही, धूर नाही), आणि त्यांना मिंधे म्हणण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. उलट अमुकाला इतके कोटी मिळाले म्हणून शेजारी पेढे वाटतात. आमच्याच मजल्यावरचा एक मुलगा असा आहे. त्याचा माल अजून जन्माला यावयाचा आहे. उद्याच्या मालावर आज पैसा लावण्यास व्यवहारात शहाणपण म्हणतात, आणि उद्याच्या ग्रंथावर लावला तर तोच पैसा भीक ठरतो. हा तर्क तुझ्यासारख्या गणिताच्या मास्तराने मला एकदा फळ्यावर सोडवून दाखवावा.

तू लिहितोस की आश्रय आला की स्तुती आली. यात तथ्य आहे, ते मी नाकारीत नाही. याच बंगळुरात सतराव्या शतकात शहाजीराजांच्या पदरी अनेक भाषांचे कवी होते, आणि जयराम पिंड्ये याचा 'राधामाधवविलासचंपू' राजवाड्यांनी 1922 मध्ये प्रदीर्घ प्रस्तावनेसह छापला, तो माझ्याकडून नेऊन तू अजून परत केलेला नाहीस. त्यात धन्याची स्तुती ओसंडून वाहते, हे खरे. परंतु त्या पदरच्या कवीला लिहावयास स्वस्थता मिळाली, म्हणूनच त्या दरबारात कोणत्या भाषा बोलल्या जात हे आज आपल्याला कळते, हेही तितकेच खरे. मग प्रश्न पैसा घ्यावा की नाही हा उरत नाही; तो कोणी, कोणत्या शर्तींवर आणि कोणाच्या संमतीने द्यावा, हा उरतो. आणि येथे तू ज्याला भितोस त्याहून मोठे भय मला दिसते.

पुण्यास रमण्यात वाटली जाणारी पेशव्यांची दक्षिणा इंग्रजी अंमलातही निराळ्या रूपाने चालू राहिली होती. तिचा काही हिस्सा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस मिळावा, असा अर्ज लोकहितवादी प्रभृतींनी 1849 मध्ये केला, तेव्हा शास्त्रीमंडळींनी केवढा गहजब केला ते तुला ठाऊकच आहे. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. म्हणजे मराठी ग्रंथकारासाठी सार्वजनिक पैशाची व्यवस्थित तरतूद झाली. आणि त्या कमिटीकडे 1855 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक धाडले, तर ते नाकारले गेले, कारण कमिटीत बसलेल्यांना ते झोंबणारे होते. 'गुलामगिरी'त त्यांनी हे स्वतः नोंदवून ठेवले आहे. ते नाटक छापून लोकांपुढे यावयास 1979 साल उजाडले. सव्वाशे वर्षे, श्रीधर! देणाराच्या पैशाने लेखक विकला जातो याची तुला धास्ती. माझी धास्ती अशी की देणाराच्या दिवाणखान्यात जे परीक्षक बसतात, ते वखारीतल्या बायांची कादंबरी दारातूनच परत धाडतात. तुझ्या बाबतीत तसे झाले नाही. परीक्षकांनी तुझी पाने वाचली आणि तुलाच निवडले. शतकातून एखादे वेळी उघडणारे दार तू आतून लोटून घेतलेस.

दुसरा मार्ग केतकरांचा. ज्ञानकोशासाठी त्यांनी दाता शोधला नाही. मर्यादित कंपनी काढली, तिचे भाग विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळविले, आणि 1920 ते 1929 या काळात 23 खंड वाचकांच्या हाती दिले. हे तुझ्या स्वभावाला मानवेल, असे तू म्हणशील. अरे, पण तुला दुकानात दोन रुपये परत मागावयाची लाज वाटते! भाग विकणे राहो, तू स्वतःच्या पुस्तकाची प्रत विकशील काय?

आणखी एक, जे मी येथील एका मंडळाच्या सभेत मांडले तेव्हा कोषाध्यक्षांनी कोजागरीच्या दुधाचा हिशेब पुढे ओढला आणि विषय संपला. आपल्याकडे ग्रंथकारास जे काही द्यावयाचे ते ग्रंथ झाल्यावर देतात. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि पाकीट. साहित्य संस्कृती मंडळाचे नवलेखक अनुदान आहे, ते चांगलेच आहे, पण तेही हस्तलिखित पुरे झालेल्या माणसाच्या छपाईसाठी. अण्णा भाऊंच्या 'फकिरा'ला 1961 मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि 1969 मध्ये अण्णा भाऊ गेले ते हलाखीतच. लिहिण्याची वर्षे कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतात. जो पैसा ग्रंथाआधी येतो, वेळ विकत घेऊन देतो आणि मग मुकाट्याने बाजूला होतो, तोच वाङ्मयाच्या खऱ्या कामाचा. आणि तो किती दुर्मिळ आहे! तेंडुलकरांना नेहरू स्मारक निधीची अभ्यासवृत्ती मिळाली ती हिंसेचा शोध घेण्यासाठी; कोणत्या सत्ताधाऱ्याने त्यानंतर म्हटले की ही लेखणी आता मऊ झाली? याच शहरात इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था 1993 पासून आहे; कलावंतांना आणि अभ्यासकांना काम व्हावयाच्या आधी पैसा देते आणि अर्ज कोणत्याही भारतीय भाषेत घेते. टोटो फंड्स द आर्ट्स आहे, 2004 पासूनची. तिची तरुण लेखकांसाठीची पारितोषिके इंग्रजीला आणि कन्नडला. कन्नडाला मिळते याचा मला हेवा नाही, आनंद आहे. मराठीला असे काही उभे करावे हे मात्र आमच्या कोषाध्यक्षांस सुचत नाही. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस नफ्याचे दोन टक्के लोकोपयोगी कामांवर खर्च करणे भाग आहे आणि त्या कामांच्या यादीत कला, संस्कृती, सार्वजनिक ग्रंथालये ही स्पष्ट लिहिलेली आहेत. तरी माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या एखाद्या कचेरीला मी विचारावयास गेलो, तर ती एखाद्या तळ्याकाठी फलक लावील, कादंबरीकाराला पोसणार नाही. तळ्याला मत नसते. (महादेवपुऱ्यातील तळ्यांची अवस्था पाहता तळ्यालाही तो फलक फारसा लाभत नाही, पण तो विषय वेगळा.)

असो. मी भलतीकडे वाहत गेलो. मला खरी काळजी आहे ती निराळीच. तू कादंबरीसाठी ज्या आक्कांकडे जाऊन बसतोस, ज्यांनी तुला तेंदूपान कातरताना गाणी ऐकविली आणि 1981 च्या त्या उन्हाळ्यातला, निपाणीच्या तंबाखू आंदोलनावरचा गोळीबार सांगितला, त्या आता किती उरल्या? एक गेल्या पावसाळ्यात गेली, तुझ्याच पत्रात होते. दुसरीला ऐकू येत नाही. त्या तुझ्या मे महिन्याच्या सुटीची वाट पाहत थांबणार नाहीत. आणि तुझा खोकला? वंदना म्हणते की वखारीतून आलास की खकाण्याने रात्रभर ढास लागते, आणि तू तिला 'लेखकाला एवढे चालायचेच' असे सांगतोस. चालायचे नाही. हुक्केरीच्या डॉक्टरांकडे जा. मी दिलेल्या चिठ्ठीवर नको, वंदनाला बरोबर घेऊन जा, म्हणजे तू खरे सांगशील.

न्यासाच्या चिटणीसांना मी परस्पर लिहिणार नाही, तो तुझा अधिकार आहे. परंतु तुझ्या नकारावर त्यांची बैठक व्हावयाची आहे, असे तूच लिहितोस, म्हणजे अजून मुदत आहे. हे पत्र मिळेल त्याच संध्याकाळी शाळेतून आल्यावर, शिकवणीची मुले यावयाच्या आत, त्यांना चार ओळी लिही; कारणे देऊ नकोस, क्षमा मागू नकोस, फक्त 'स्वीकारतो' म्हण आणि हप्ता कोणत्या महिन्यापासून मिळेल ते विचार. मग वर्षाच्या बिनपगारी रजेचा अर्ज दोन प्रतींत कर आणि एका प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घालून घे. तुमच्या हेडमास्तरांच्या दप्तरात कागद हरवतात, हे तुझ्या बढतीच्या वेळी आपण पाहिले आहे. या वेतनाचे वंदनाला कळविले की नाही ते मला उलट टपाली लिही. नसेल कळविले तर आधी तिला सांग आणि मग चिटणिसांना.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा
मामा