नंबर विसरलेला माणूस

चेन्नईच्या पोस्टिंगला पोटाचे हाल होत नाहीत, हाल होतात कानाचे. दिवसच्या दिवस मराठी शब्द ऐकू येत नाही. त्यामुळे सेंट्रल स्टेशनवर मागून "दादा, मराठी का?" अशी हाक आली की पाय थांबतातच.

पन्नाशीचा माणूस होता. बाकावर बायको, तिच्या मांडीवर वेल्लोरच्या हॉस्पिटलची फाईल. वेल्लोरला आपल्याकडून लोक उपचाराला येतात, हे खरंच. पाकीट मारलं, सोलापूरला जायचंय, दीड हजार द्या, म्हणाला. माझा हात खिशाकडे जाईना, तेव्हा माझ्या केसांच्या कटकडे बघून त्यानं पुढं जोडलं, "मीबी फौजीच. मराठा लाइट इन्फंट्री, बेळगाव."

"नंबर काय तुमचा?"

"विसरलो साहेब, लई वर्षं झाली."

माजी सैनिकांना इथं जास्त सांगायला नको. लग्नाची तारीख विसरेल, पण आर्मी नंबर झोपेतून उठवून विचारला तरी तोंडावर असतो. पेन्शन, ईसीएचएस, कँटीन, सगळीकडं तोच लागतो. मला रागच आला. खरा फौजी असता तर हाताला धरून स्टेशनवरच्या एमसीओत नेला असता.

पण फाईलचं काय? पलटणीबद्दल खोटं बोलला, म्हणून बाईचं दुखणं खोटं ठरत नाही. अडलेला माणूस जे चालेलसं वाटतं ते बोलतो. रजेसाठी कितीक जवानांनी एकच आजी दोनदा मारली आहे!

याच तमिळ मुलखात तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०२ साली ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र उभं केलं. रामेश्वरच्या वाटेवरचा वाटसरू तिथं जेवून पुढं जाई. त्याला कोणी नंबर विचारत नसणार.

रोख द्यायची नाही, एवढं मात्र ठरवलं. पलटणीच्या नावावर तर एक रुपयाही नाही. सोलापूरची जनरलची दोन तिकिटं काढली, इडल्या बांधून घेतल्या. "तिकीट नको, पैसेच द्या" म्हणाला असता तर तिथूनच परत फिरलो असतो.

तिकिटं त्यानं उलटसुलट करून बघितली. मग विचारलं, "जनरल डबा पुढं असतो का मागं?"

बाई फाईल पिशवीत घालून उठली.