मुलांचे चित्रगीत

आमच्या नातवाच्या वर्गाने स्वरचित गीताचा ‘म्युझिक व्हिडिओ’ केला, तेव्हा ते काम आम्ही जवळून न्याहाळले. मोबाईल समोर धरला की झाले, असे वाचकांस वाटेल. पण वस्तुस्थिती निराळी आहे. गाणे आधी ध्वनिमुद्रित होते. मग ते वाजवून मुले ओठ हलवितात. १९३५ सालच्या ‘धूपछाँव’ बोलपटापासून चालत आलेली हीच ती पार्श्वगायनाची रीत! पुढे संगणकावर ध्वनी व चित्र जुळवावयाचे. कर्णा कॅमेऱ्यापाशी आणि मुले ३४ मीटर दूर असली, तर आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो. सेकंदास २५ चित्रे धरल्यास ओठ दोन-अडीच चित्रे मागे पडतात, व तेवढेही डोळ्यांस खुपते.

एका मुलीचा पंचम किंचित उतरत होता. १९९७ साली निघालेल्या ‘ऑटो-ट्यून’सारख्या साधनाने तो क्षणात सुधारला असता, सोबत्यांचा आग्रहही तोच होता. तिने मात्र आठ दिवस मागून घेतले, रोज तंबोऱ्याशी बसली आणि पंचम साधला. पालकांनी मुलांच्या हातचे यंत्र खुशाल राहू द्यावे. असे आठ दिवस मात्र त्यांस अवश्य मिळवून द्यावेत.