बोजा : नाही

आमच्या लग्नाची पत्रिका सातबाऱ्यासारखी छापली होती. वर मधोमध गाव डिंगोरे, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. भोगवटादाराच्या रकान्यात आम्हा दोघांची नावं, क्षेत्राच्या जागी लग्नाची तारीख आणि वेळ. खाली पिकाच्या नोंदीत 'मिश्र पीक', कारण तो सांगोल्याकडचा आणि मी इकडची. जलसिंचनाचं साधन म्हणून 'पिंपळगाव जोगे धरण आणि दोघांचा पगार'. आणि उजव्या बाजूला 'इतर अधिकार' या रकान्यात एकच ओळ होती : बोजा – नाही.

पुण्यातल्या मित्रमैत्रिणींना ही पत्रिका फार आवडली, त्यांनी ती स्टेटसला टाकली. गावात मात्र लोक ती हातात घेऊन आधी घाबरले. शेजारच्या काकू दादांना म्हणाल्या, "भाऊ, वाटणीबिटणीची नोटीस आली का काय?" दादांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. 'बोजा – नाही'पाशी थांबले, हसले आणि उठून गोठ्याकडे गेले. बराच वेळ आले नाहीत.

ते का गेले हे सांगायचं तर ताईच्या लग्नापासून सुरुवात करावी लागेल.

ताईचं लग्न आमच्या भागातली लग्नं होतात तसंच झालं. आधी सुपारी फुटली, साखरपुडा झाला, मग बस्ता. बस्त्याला दोन जीप भरून माणसं गेली. मांडवडहाळ्यांच्या दिवशी अख्खी भावकी जेवली. लग्न हायवेवरच्या कार्यालयात. मुहूर्त साडेबाराचा आणि मंगलाष्टकं सुरू झाली पावणेदोनला, कारण मधल्या वेळात पाहुण्यांचे सत्कार चालू होते. फेटा, शाल, श्रीफळ, मग माईकवर दोन शब्द. ताई मुंडावळ्या बांधून आतल्या खोलीत बसली होती आणि मी तिला स्ट्रॉने फ्रुटी पाजत होते. बाराशे पानं उठली. दादा दारात हात जोडून उभे होते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ते स्वतः जेवले की नाही, हे त्या दिवशी कोणालाच आठवलं नाही.

त्यानंतर आमच्या सातबाऱ्यावर इतर अधिकारात कर्जाची नोंद चढली, ती सात वर्षं राहिली. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. फी भरायच्या आधी दादा फोनवर "बघतो" म्हणायचे. त्या 'बघतो'चा अर्थ मला खूप नंतर कळला. 2023च्या जुलैत टोमॅटोला भाव आला, नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर मिळाले, तेव्हा ते कर्ज एकदाचं फिटलं. लोकांनी त्या पैशांत गाड्या घेतल्या. दादा तलाठ्याकडे जाऊन कोरा सातबारा घेऊन आले आणि त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला.

वर्षभराने मी लग्नाचा विषय काढला, तेव्हा दादा पहिलं वाक्य बोलले ते असं : "ताईचं केलं तसंच तुझं करणार. फरक नाही करायचा." आणि तिसरं वाक्य होतं, "पतसंस्थेत बोललोय मी."

मी आणि तो, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. प्रश्न आला की आधी शीट उघडायची ही सवय. एका रविवारी हिंजवडीतल्या खोलीत बसून आम्ही बजेट केलं. आमच्या बचतीतून निम्मं-निम्मं, वर मर्यादा दीड लाख. कार्यालय नाही, डीजे नाही, सत्कार नाही, हुंडा-मानपान हे शब्दच नाहीत. लग्न आमच्या घरापुढच्या रानात. सोयाबीन निघालेलं असतं, रान मोकळं. तारीख 25 डिसेंबर 2024, कारण दोघांच्या ऑफिसला सुट्टी. पंचांगात त्या दिवसांत तिथी नव्हती, धनुर्मास लागलेला. त्याचा फायदा असा की मंडपवाला मोकळा होता आणि निम्म्या भावात तयार झाला. संध्याकाळचं लग्न मला हवं होतं, दिव्यांचं वगैरे. आईने एका वाक्यात निकाली काढलं : "आणि बिबट्याला पत्रिका कोण देणार?" आमच्याकडे अंधार पडल्यावर उसाच्या कडेने पायी जायला माणसं धजत नाहीत. म्हणून सकाळी अकराची वेळ ठरली.

पद्धत सत्यशोधक ठरवली. हे आम्ही कॉलेजात असताना वाचलेलं. तारीख ठरल्यावर पुन्हा वाचायला घेतलं, तेव्हा लक्षात आलं की सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिलं लग्न लागलं तेही 25 डिसेंबरलाच, 1873 साली. जोतीराव फुल्यांनी समाज स्थापन केला त्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. आम्ही सुट्टी बघून तारीख काढली होती, पण हे कळल्यावर ती बदलायचा प्रश्नच उरला नाही.

घरी सांगितलं. थोरले चुलते, म्हणजे आमचे आण्णा, बैठकीला होते. ते म्हणाले, "ही पुण्याची फॅडं आपल्या गावात नकोत."

मी म्हटलं, "आण्णा, हे पुण्याचं नाही. हे ओतूरचं आहे."

ओतूर आमच्यापासून मोटारसायकलवर पाव तास. तिथले बाळाजी कुसाजी पाटील यांनी 1884 साली घरचं लग्न भटजीशिवाय लावलं. गावच्या जोशांनी दावा लावला की लग्न लावणं हा आमचा वतनी हक्क, आम्हाला बोलावलं नाही तरी आमची दक्षिणा बुडाली ती भरून द्या. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं, थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी निकाल पाटलांच्या बाजूने लागला. फुल्यांनी लग्नाच्या आणि इतर विधींची स्वतंत्र पुस्तिका 1887 साली काढली, ती हे प्रकरण चालू असतानाच. तिच्यातल्या मंगलाष्टकांत वधू-वर एकमेकांशी बोलतात. वधू बायकांच्या हक्कांचं विचारते आणि वराला सगळ्यांदेखत शब्द द्यावा लागतो. ज्या रस्त्याने आम्ही आठवड्याच्या बाजाराला जातो, त्या रस्त्यावरच्या गावाने ही लढाई सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच लढून ठेवली होती, आणि शाळेत आम्हाला कोणी हे सांगितलं नव्हतं.

आण्णा गप्प बसले. मला वाटलं जिंकले. प्रत्यक्षात ते उठून गेले, आणि लग्नापर्यंत आमच्या घराची पायरी चढले नाहीत.

दादांचा विरोध मात्र वेगळा होता, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भटजी नाही याचं त्यांना काही वाटलं नाही. ते रात्री जेवण झाल्यावर ट्रंक उघडून एक वही घेऊन आले. आहेराची वही. आजोबांच्या वेळेपासूनची, पुठ्ठा गेलेला, वर कापड शिवलेलं. कोणाच्या लग्नात आपण काय दिलं, आपल्याकडे कोणी काय दिलं. पातेलं, साडी, एकवीस रुपये, एकावन्न, टोपी-टॉवेल. मी ती पहिल्यांदाच नीट बघितली. माझ्या डोक्यात लगेच टेबलं आणि त्यांचे संबंध उभे राहिले. ते मी बोलले नाही हे बरं.

दादा म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांच्या पंगतीला जेवलोय. तू म्हनतीस खर्च वाचवायचा. पैशाचं मला कळतं गं. पर ह्या मान्सांना माझ्या दारात एकदा जेवू घालायचं का नाही?"

तोवर मी असं धरून चालले होते की मोठं लग्न म्हणजे दिखावा. दादांनी आयुष्यात दिखावा केलेला नाही. दोन शर्टांवर वर्ष काढणारा माणूस. त्यांच्यासाठी ती बाराशे पानं म्हणजे फेड होती. वहीतली ती नावं त्यांच्यावर बोजा होती, आणि तो कुठल्या सातबाऱ्यावर दिसत नाही. माझ्या शीटमध्ये माणशी खर्चाचा रकाना होता, पण या गोष्टीसाठी रकाना नव्हता. त्या रात्री मी त्याला फोन करून म्हटलं की आपण चुकतोय बहुतेक. तो म्हणाला, "चुकत नाही आहोत. पण घाई करतोय."

पुढचे तीन शनिवार-रविवार मी गावी गेले. दादा वही वाचायचे, मी लॅपटॉपवर नावं उतरवायचे. सहाशेबारा घरं झाली. आता यातली दोनशे कशी निवडायची? गावकी, भावकी, सोयरे असे सगळे प्रयोग करून झाले. प्रत्येक वेळी कोणीतरी गळायचं आणि दादांचा चेहरा उतरायचा. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि म्हणाले, "आईच्या दहाव्याला कोण कोण आलं हुतं, ते मला पाठ हाय."

आजी ऐन पावसाळ्यात गेली. दशक्रियेच्या दिवशी धो धो पाऊस, माळशेजकडून वारा आणि ओढ्याला पाणी. तरीही आलेली माणसं होती. कोणाला निरोप गेला नव्हता, कोणी पत्रिका छापली नव्हती. दादा एकेका नावापुढे टिंब देत गेले. त्यातल्या काहींनी आम्हाला कधी एक रुपयाचा आहेर केला नव्हता, वहीत त्यांची नावंही नव्हती. ती त्यांनी शेवटच्या पानावर नव्याने लिहिली. मोजली तर आमच्या बाजूची एकशे साठ माणसं झाली. सांगोल्याकडून ऐंशी. बाकीच्यांसाठी दादांनी स्वतःच वाट काढली : लग्नानंतर रोज संध्याकाळी चार-पाच घरी आम्ही दोघांनी जायचं, चहा घ्यायचा, पाया पडायचं. "मी जेवलोय तिकडं. तुम्ही चहा तरी प्या."

आण्णांच्या नावापुढे पहिलं टिंब होतं.

लग्नाच्या दिवशी थंडी मी म्हणत होती. रानात हिरवं कापड ताणलं होतं. मंच नव्हता, त्यामुळे मंचावर कोणाला बोलवायचं हा प्रश्नही नव्हता. एक स्थानिक पुढारी आले, इकडेतिकडे पाहिलं, पंगतीत बसले, दोनदा वाढून घेऊन जेवले आणि जाताना दादांना म्हणाले, "लई दिवसांनी टायमात जेवलो." महात्मा फुल्यांच्या तसबिरीला हार घातला. विधी वाचला माझ्या चौथीच्या बाईंनी, ज्यांनी मला पाढे शिकवले. अक्षतांऐवजी झेंडूच्या पाकळ्या होत्या. तांदूळ पायदळी जाणार नाहीत, ही एक गोष्ट सगळ्या म्हाताऱ्यांना मनापासून पटली. त्याने शब्द दिला, मीही दिला. माईक मध्येच बंद पडला, तर बाई वर्गात बोलतात त्या आवाजात बोलल्या आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

जेवणात बुंदी-जिलबी नव्हती. मासवडी, रस्सा, बाजरीची भाकरी, इंद्रायणीचा भात आणि गुळाची लापशी. अडीचशे माणसांची मासवडी करणं हे खायचं काम नाही. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी पहाटे तीनला बेसन घाटायला घेतलं. आईने मात्र तिची हौस वेगळी भागवली. परतीची भेट म्हणून प्रत्येकाला तिने बियाण्याची पुडी दिली : वाल, घेवडा, दोडका. वालाचं बी आजीच्या वेलाचं, दरवर्षी राखून ठेवलेलं. पुड्या बांधायला आमच्या जुन्या वह्यांचे कागद वापरले. एकाच्या पुडीवर माझे इंजिनिअरिंग मॅथ्सचे इंटिग्रल होते.

दुसऱ्या दिवशी नोंदणीला ग्रामपंचायतीत गेलो. फॉर्ममध्ये लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही लागते. ग्रामसेवकांनी विचारलं, भटजी कोण? बाई पुढे झाल्या आणि त्यांनी सही केली, हजेरीपटावर करायच्या तशी, तारखेसकट.

आता हिशेब, कारण असे लेख वाचताना मी स्वतः तोच आधी शोधते. मंडप, खुर्च्या, भांडी 24,000. किराणा, भाजी, दूध 46,000. बचत गट आणि वाढपी 18,000. दोघांचे कपडे 22,000. फोटो 15,000. वऱ्हाडाची गाडी 16,000. आईच्या जुन्या सोन्यातून मंगळसूत्र, त्याची घडणावळ 9,000. पत्रिका 5,000. बाकी किरकोळ 8,000. एकूण 1,63,000. म्हणजे तेरा हजारांनी अंदाज चुकला. कर्ज शून्य.

आण्णा आले नाहीत. पंगत उठेपर्यंत दादा अधूनमधून रस्त्याकडे बघत होते, आणि मी त्यांच्याकडे. ओतूरचा दाखला मी ज्या सुरात फेकला, तो सूर आज मला परत घ्यावासा वाटतो. मुद्दा बरोबर असला तरी मोठ्या माणसाला चार लोकांत गप्प करून आपण फार काही मिळवत नाही. पाव तास बसून ती गोष्ट त्यांना गोष्टीसारखी सांगता आली असती.

चार दिवसांनी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. पाया पडलो. ते फारसं बोलले नाहीत. चुलतीने चहा दिला. मी बियाण्याची पुडी पुढे केली, तर त्यांनी ती उघडून वालाचं बी तळहातावर घेतलं, उलटंपालटं केलं. "आईच्या वेलाचं का?" एवढंच विचारलं आणि पुडी खिशात ठेवली.

पत्रिकेत आम्ही 'आहेर आणू नये' असं ठळक छापलं होतं. तरी अकरा जणांनी दादांच्या खिशात पाकिटं कोंबलीच. पुण्याला निघायच्या आदल्या रात्री दादा वही घेऊन बसले आणि नवीन पान काढून ती अकरा नावं रकमेसकट लिहायला लागले. मी म्हटलं, दादा, आता हे कशाला, परत देऊन टाकू. ते म्हणाले, "द्यायचंच हाय. त्यांच्या घरी लगीन निघंल तवा." पत्रिकेवर 'बोजा – नाही' छापलं होतं आणि वहीत पुन्हा अकरा नोंदी चढल्या.

पहिली नोंद पाचशेएक रुपयांची होती. नातवाच्या हाती पाकीट पाठवलं होतं, वर नाव नव्हतं. दादांनी अक्षर ओळखलं आणि पानाच्या सगळ्यात वर आण्णांचं नाव लिहिलं.