लहान्याची सकाळ

आमच्या घरात पिणारे दोघे. दादा प्यायला की गावाला कळायचं. त्याची ललकारी वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत ऐकू जाते, असं लोक म्हणत. गाव आमचं सावली तालुक्यातलं, म्हणजे नदीच्या अलीकडचं. लहान्या मात्र मुळातच बुजरा. पाहुणे दिसले की मागच्या दारानं वावरात पळायचा. मंडईच्या जत्रेत रात्री झाडीपट्टीचं नाटक असलं आणि मोहाची दोन ग्लास पोटात गेली, की हाच लहान्या चारचौघांत हसायचा, नटांशी गप्पा मारायचा. आईला बरं वाटायचं. पोरगा खुलला म्हणायची.

गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी झाली आणि तिकडचे पिणारे पूल ओलांडून आमच्या बाजूला येऊ लागले. आमच्या बाया त्यानं अजूनच गांजल्या. 2010 च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर दारूबंदीसाठी बायांचा पायी मोर्चा गेला, त्यात आई होती. तिच्या डोळ्यांपुढे अर्थात दादा होता. लहान्या कधी कोणावर हात उगारत नव्हता, मग त्याच्यासाठी कोण मोर्चा काढणार?

1 एप्रिल 2015 पासून आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातही बंदी लागू झाली. बंदीनं काहीच झालं नाही म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी एक रात्र झोपायला यायला हवं होतं. दादाची दारू म्हणजे बैठक. दुकान बंद झालं, सोबती पांगले, पोलिसांची धास्ती बसली, आणि त्याचं पिणं सणावारावर आलं. लहान्याला एव्हाना सोबत लागतच नव्हती. चोरून येणारा पव्वा तो दुप्पट पैसे मोजून घ्यायचा आणि गोवऱ्यांच्या ढिगाऱ्यामागं एकट्यानं संपवायचा.

दोघांच्या सकाळी मी रोज पाहत होते. दादा डोकं धरून उठायचा, शिव्या द्यायचा, भाकर-ठेचा खाऊन कामाला जायचा. रात्रीचं त्याला काही आठवत नसे, आठवायची गरजही वाटत नसे. लहान्या सपरीत भिंतीला टेकून बसायचा. काळ्या चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचा, तरी चहा कडेवरून सांडायचाच. कपाळावर घाम. आणि एकच प्रश्न, "बाई, मी काल कोनाले काई बोललो तं नाई ना?" अरे, तू ढिगाऱ्यामागं एकटा होतास, बोलणार कोणाला? पण त्याची खात्री पटत नसे. शेजारच्या काकूंनी नुसतं पाहिलं तरी त्या रागावल्यात असं धरून तो त्यांचं कुंपण बांधून द्यायचा. पुढे पुढे ही धडधड थांबवायला सकाळीच घोट घेऊ लागला. तेव्हा कुठे आई घाबरली.

मी त्याला डॉक्टरांकडे नेलं ते दुकानं पुन्हा उघडल्यावर. बंदी 2021 मध्ये उठली. डॉक्टरांनी दहा प्रश्न विचारले. जगभर वापरतात तेच, जागतिक आरोग्य संघटनेचे. हात चालायला सकाळी आधी घोट लागतो का? प्यायल्यानंतर अपराधी वाटतं का? लहान्यानं मान खाली घालून दोन्हींना हो म्हटलं. दारू मेंदूला शांत करते, म्हणून मेंदू उलट जोर लावत राहतो. दारू उतरते पण तो जोर लगेच ओसरत नाही, असं त्यांनी समजावलं. ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांचा एक छोटा अभ्यासही सांगितला. लाजऱ्या माणसांना पिण्यानं रात्री जरा मोकळं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी धास्ती वाढते; आणि ज्यांची धास्ती जास्त वाढते, त्यांच्यात घातक पिण्याची लक्षणंही जास्त दिसतात. मला तर ते आमच्या सपरीत बसून लिहिल्यासारखं वाटलं.

आईला वाटत होतं, उद्यापासून बाटली बंद केली की झालं. डॉक्टरांनी बजावलं, असं एकदम तोडायचं नाही. इतक्या वर्षांची सवय असली तर झटके येऊ शकतात. शांत करणाऱ्या गोळ्या, हळूहळू कमी करत नेलेल्या, आणि बी-1 जीवनसत्त्व. गोळ्यांचा डबा माझ्या ताब्यात होता.

त्या दिवाळीनंतरच्या मंडईत तो एकदा घसरला. पण तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "बाई, गाडी काढ, दवाखान्यात जाऊ." दादाला हे सगळं अजून पटलेलं नाही. सणाला स्वतःचा पव्वा उघडता उघडता तो सांगतो, "लहान्याले कवा चढलीच नाई, त्याले कायचा दवाखाना?"