आधीं मजकूर, मग यंत्र

महाडचा दमट पावसाळा लोखंडालाहि सोडीत नाहीं. मग संगणकाची काय कथा! परवां घरचा संगणक नुसताच ‘बीप’ करूं लागला, पडदा काळाच. मातोश्रींचीं अखेरचीं छायाचित्रें त्यांतच होतीं. वीज तोडून पेटी उघडली, रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दांते रबरानें हलकेंच पुसले व ती पुन्हां घट्ट बसविली. यंत्र सुरू झालें! प्रथम तीं छायाचित्रें दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरविलीं. मगच नव्या खरेदीचा विचार.

विंडोज १० चें नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबलें. म्हणून स्वस्तांतलें वापरलेलें यंत्र घेतांना त्यावर विंडोज ११ चालतें कीं नाहीं, हें आधीं पाहावें. आणि विद्यार्थिमित्रहो, मजकुराची दुसरी प्रत उंच जागीं ठेवावी. जुलै २०२१ मध्यें सावित्रीचें पाणी महाडच्या घराघरांत शिरलें होतें. यंत्र पुन्हां विकत मिळतें. आठवणी मिळत नाहींत.