मागच्या आसनावरचे हात

थंडीची तयारी करताना आपण छातीचा विचार करतो, कानांचा करतो, पायांचाही करतो. हातांची आठवण मात्र बहुधा ते गारठल्यावरच होते. त्यातही मोटारसायकलवर मागे बसणाऱ्या माणसाच्या हातांची आठवण कोणालाच होत नाही. वाचकहो, आपल्यापैकी असंख्य कुटुंबांचे घरचे वाहन म्हणजे एक मोटारसायकल होय. आणि तिच्या मागच्या आसनावर पत्नी, आई, बहीण किंवा कॉलेजात जाणारी मुलगी बसलेली असते. म्हणून हा विषय क्षुल्लक वाटला तरी घराघरांतला आहे.

अनुवाद हा माझा व्यवसाय असल्यामुळे शब्दांकडे आधी लक्ष जाते. या आसनाला इंग्रजीत ‘पिलियन’ म्हणतात. कातडे या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी त्याचे नाते असून, घोड्यावर स्वाराच्या मागे बसणाऱ्या स्त्रीसाठी घातलेली गादी असा त्याचा जुना अर्थ आहे. आपण मराठीत सरळ ‘डबलसीट’ म्हणतो. दोन्ही शब्दांत बसण्याची सोय आहे, हातांचा उल्लेख नाही.

नोकरीनिमित्त माझे वास्तव्य दिल्लीत आहे. येथे जानेवारीच्या पहाटे पारा ४-५ अंशांपर्यंत उतरतो. मेट्रो का नाही, असे आपण विचाराल. स्थानक घरापासून दूर आहे, आणि आम्हा दोघांच्या कचेऱ्या एकाच दिशेला आहेत. म्हणून मी पतीच्या मागे बसून जाते. तापमान ५ अंश असताना ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा लागला, तर उघड्या त्वचेला तो गारवा उणे १ अंशासारखा भासतो, असे २००१ पासून अमेरिका व कॅनडा येथे वापरात असलेले गणित सांगते. हवा स्थिर असली तरी काय झाले? आपण धावतो, म्हणजे वारा आपणच निर्माण करतो.

दोन वर्षांपूर्वीच्या धुक्यातल्या एका सकाळी मी मागची लोखंडी दांडी उजव्या हाताने घट्ट धरून बसले होते; निदान माझी समजूत तशी होती. गतिरोधकावर गाडी उसळली आणि मी एका बाजूला कलले, तेव्हा ध्यानात आले की बोटे दांडीवरून केव्हाच सुटली होती. डावा हात पतीच्या खांद्यावर होता म्हणून निभावले. उतरून मोजा काढला, तर दोन बोटे खडूसारखी पांढरी पडलेली! थोड्या वेळाने ती निळसर झाली, मग लाल होऊन ठणकू लागली. डॉक्टरांनी पाहून सांगितले की, १८६२ मध्ये मोरिस रेनॉ या फ्रेंच वैद्याने ज्या विकाराचे वर्णन केले, त्यातला हा प्रकार आहे. थंडीने बोटांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या नको तितक्या आकुंचन पावतात. हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. एरवी निरोगी असलेल्या माणसाला तो सहसा फार अपाय करीत नाही. पण बोटांना जखमा होऊ लागल्या तर उपचार टाळू नयेत.

असा विकार नसला तरी बोटे आधी गारठतात, याला कारण आहे. थंडी वाढली की शरीर हृदयादी महत्त्वाच्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडता घेते. बोटे हलविणारे स्नायू मुख्यतः कोपराखालच्या हातात असल्याने खुद्द बोटांत उष्णता फारशी निर्माण होत नाही. चालकाचे हात वाऱ्यात अधिक सापडतात हे खरे. पण ते क्लच-ब्रेकवर सतत हलत असतात, आणि बधिर झाले तर त्याला तत्काळ कळते. मागच्याचे हात मात्र निश्चल असतात. त्यातून धातूची दांडी! स्वयंपाकघरात पहाटे स्टीलची वाटी आणि लाकडी लाटणे एकेका हातात घेऊन पाहा. दोन्हींचे तापमान एकच असते, पण वाटी हातातली उष्णता भराभर ओढून घेते.

त्यानंतर आमच्या घरात काही गोष्टी ठरल्या. दांडीवर सुती पट्टी गुंडाळून वर जुन्या ट्यूबचे रबर बसविले. हातमोजे दुहेरी झाले: आत लोकरीचे, बाहेर वारा न शिरणारे, आणि तेही सैल, कारण घट्ट मोज्याने रक्तप्रवाह रोखला जातो व ऊब धरणाऱ्या हवेलाही जागा उरत नाही. सासूबाईंनी एक जुना स्वेटर उसवून माझ्यासाठी मनगटपट्टे विणले. मनगटाशी रक्तवाहिन्या त्वचेच्या अगदी जवळ असतात. तेथे फट राहिली तर मोज्यांचा उपयोग निम्मा होतो. छातीवर एक थर वाढविला, कारण अंग उबदार असेल तरच शरीर बोटांना रक्त सढळ हाताने देते. साडीऐवजी सलवार-कमीज घालून मी दोन्हीकडे पाय टाकून बसू लागले. एका बाजूस बसले की हात चालकाच्या खांद्यावर, भर वाऱ्यात राहतो आणि बाहीच्या तोंडातून वारा आत शिरतो. सरळ बसले की दोन्ही हात त्याच्या कमरेशी, पाठीच्या आडोशाला येतात.

एक मोह मात्र टाळावा. हात शालीत गुंडाळून किंवा खिशात घालून बसणे सुखाचे वाटते, पण धक्का बसला तर ते वेळेवर बाहेर निघत नाहीत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरावयाची कायमची सोय आवश्यक ठरविली आहे, ती याचसाठी. शालीचे टोक चाकात जाण्याचे भयही लहान नाही. ऊब हवी, ती पकड राखून.

मुक्कामी पोचल्यावर बधिर हात कढत पाण्यात घालू नयेत. बधिर त्वचेला भाजलेले कळत नाही. जोराने चोळूही नयेत. काखेत धरावेत, कोमट पाणी घ्यावे. तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आखडतात. मद्याने क्षणभर ऊब भासते, पण अंगची उष्णता निघून जाते.

नागपूर, इंदूर किंवा निफाडकडची थंडी दिल्लीहून वेगळी असेल. निफाडला तर कडाक्याच्या रात्री द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवितात. मागच्या आसनाचा प्रश्न सगळीकडे सारखाच आहे. आमच्या घरी आता लांबच्या लाल दिव्यापाशी गाडी थांबली की पुढून प्रश्न येतो, “बोटे हलतात ना?” मी बोटे मिटून-उघडून पाहते, हलली नाहीत तर गाडी कडेला घेऊन आम्ही पाच मिनिटे थांबतो. कचेरीत थोडा उशीर होतो, तो मी सोसते. आपल्या मागे जे कोणी बसत असेल, त्याला या हिवाळ्यात हा प्रश्न आपणही अवश्य विचारावा. कारण गारठलेले हात आपणहून तक्रार करीत नाहीत, ते नुसते सुटतात.